तात्यांची वही आणि जगाची सरासरी

"ताई नमस्कार, मी तासगाव तालुक्यातला, बीएस्सी ॲग्री करून घरची द्राक्षबाग बघतोय, बघतोय म्हणजे तात्या, माझे थोरले चुलते, सांगतील तसं. फळछाटणी झाली की पाऊस गाठतोय आणि डाऊनी, म्हणजे केवडा रोग, घड खातोय म्हणून मी म्हणालो, हवामान बदललंय, निदान एका प्लॉटवर प्लास्टिक कव्हर टाकू आणि छाटणीची तारीख पुढं घेऊ. तात्या म्हणतात, काय बदललंय? महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला अजून बर्फ पडतोय, इथं जानेवारीत हुडहुडी भरतीय, आणि ७२ सारखा दुष्काळ परत आला का? त्यांच्याकडं पंचवीस-तीस वर्षांची पावसाची वही आहे, ती काढून दाखवतात. मी जगाच्या तापमानाचा ग्राफ दाखवला तर म्हणाले, जगाच्या सरासरीनं माझ्या बागेत मणी भरत नाही. मग मी महापुराचं सांगितलं, युरोपातल्या उन्हाळ्याचं, कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचं सांगितलं. तर म्हणे महापूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं आला, युरोपचं युरोप बघंल, आणि ग्रीनलँडवर पूर्वी शेती व्हायची ते तुला माहिताय का. शेवटी मी तिरीमिरीत बोलून गेलो की एका गावातल्या वहीला शास्त्रात काडीची किंमत नसते. तेव्हापासून तात्या बोलत नाहीत, मी जेवायला बसलो की ताटावरनं उठतात. ताई, असल्या वादात पुरावा कुठला धरायचा, आपल्या भागातला की जगाचा? आणि तात्यांना पटवायचं कसं?"

हे बघ, आधी वहीचं. ते वाक्य मागं घे, आणि चारचौघांत बोलला असशील तर चारचौघांतच मागं घे. तात्या दुखावले म्हणून तर घ्यायचंच, पण मुळात ते शास्त्राच्या हिशेबानंही चूक आहे. आपल्या हवामान खात्याची स्थापना १८७५ ची, आणि आज आपण शंभर-सव्वाशे वर्षांच्या पावसाचे आकडे बिनदिक्कत वापरतो ते आले कुठून, तर कुठल्यातरी मामलेदार कचेरीच्या आवारात, धरणावर, बंगल्याच्या परसात कुणीतरी माणूस रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजत होता आणि वहीत आकडा टाकत होता म्हणून. तू दाखवलेला तो ग्राफ असल्याच हजारो वह्यांतनं तयार झालाय. तात्यांनी कुणी न सांगता, कुणाचा पगार न घेता ते काम इतकी वर्षं केलं. किती बागायतदारांकडं असं सलग लिहिलेलं सापडंल? मला तरी ती वही बघायची फार इच्छा आहे.

आता तुझा प्रश्न, लोकल की ग्लोबल. हा प्रश्न अर्धाच आहे रे. उत्तर कशाचं शोधतोय त्यावर पुरावा ठरतो आणि तुमच्या घरात दोन वेगळे वाद एकमेकांत गुंतलेत. पृथ्वी तापतीय का आणि माणसामुळं तापतीय का, हा एक. आपल्या बागेवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस पूर्वीपेक्षा जास्त वेळा येतोय का आणि त्यावर काय करायचं, हा दुसरा. पहिल्याला तात्यांची वही पुरत नाही आणि दुसऱ्याला तुझा ग्राफ पुरत नाही. पण तात्या वही घेऊन पहिला वाद जिंकायला बघतायत आणि तू ग्राफ घेऊन दुसरा, म्हणून दोघंही बरंच खरं बोलताय तरी एकाचं दुसऱ्याला पटत नाही.

पहिल्या वादाचं बोलू. सॅम्पल कसं घ्यायचं हे तात्यांना शिकवायची गरज नाही, ते दर हंगामात घेतात. माल काढायच्या आधी साखर उतरली का बघायला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत जातात तेव्हा काय करतात? एकच मणी चिरडून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतात का? नाही. या ओळीतला, त्या ओळीतला, घडाच्या खांद्याचा, शेंड्याचा, उन्हातला, पानाआडचा असे मणी घेतात, रस एकत्र करतात आणि मग काचेवर थेंब टाकतात. पानाआडच्या एका मण्यात १५ आलं म्हणून माल कच्चा म्हणत नाहीत आणि उन्हातल्या एकात २० आलं म्हणून लगेच व्यापाऱ्याला फोन लावत नाहीत. वेण्णा लेक हा एक मणी आहे. तुमचं गाव हाही एक मणीच. जागतिक सरासरी म्हणजे तो एकत्र केलेला रस. हे उदाहरण त्यांच्याच बागेतलं आहे, त्यांना सांगून बघ.

वेण्णा लेकचं मात्र नीट समजून घे, कारण दर थंडीत पेपरात फोटो येतो, बोटींवर, गाड्यांच्या टपावर, गवतावर पांढरी साय धरलेली, आणि लगेच कुणीतरी म्हणतं कुठंय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग. ते आभाळातनं पडलेलं बर्फ नव्हे, गोठलेलं दव आहे. रात्र निरभ्र असली, वारा पडलेला असला, की जमीन आणि गवत आपली उष्णता सरळ आभाळात सोडून देतात आणि जमिनीलगतचा थर वरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त गार होतो, त्यात तलावाकाठचा सखल भाग म्हणजे गार हवा खाली उतरून साचणार. हवामान खात्याचा थर्मामीटर असतो जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत. त्यामुळं पेटीतला आकडा शून्याच्या चांगला वर असतानाही खाली गवतावर दव गोठू शकतं. म्हणजे तात्यांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे, फक्त ती एका रात्रीची, एका खोलगटीची, जमिनीपासून वीतभर उंचीवरची गोष्ट आहे. त्यावरनं महाबळेश्वरचा हिवाळासुद्धा ठरत नाही, पृथ्वीचं तर लांबच.

असला वाद फक्त आपल्याकडंच होतो असं समजू नको. २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इनहॉफ नावाचे सिनेटर चक्क बर्फाचा गोळा घेऊन आले, बाहेर बघा किती थंडी आहे, कुठंय तापमानवाढ, असं म्हणत. त्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व भागात खरंच कडाक्याची थंडी होती, खोटं काहीच नव्हतं. पण तेच २०१५ साल संपलं तेव्हा तोवरचं जगातलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. अमेरिकेतच १९३० च्या दशकात इतका भयंकर उन्हाळा आणि दुष्काळ पडला की तिथं अजून त्याची आठवण काढून आत्ताच्या उष्णतेला काय एवढं असं म्हणणारे आहेत, आणि तो उन्हाळाही खरा होता. पण अमेरिका म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचे जेमतेम २ टक्के.

आणि आता तुझी चूक सांगते, राग मानू नको. युरोपचा उन्हाळा आणि कॅलिफोर्नियाचे वणवे तू जागतिक पुरावा म्हणून सांगितलेस. परदेशी म्हणजे जागतिक नव्हे! कॅलिफोर्निया हाही लोकलच, फक्त तिथल्या लोकांचा लोकल. तुझ्या गावाच्या वहीला एका गावची म्हणून हिणवायचं आणि दुसऱ्या खंडातल्या एका राज्याचा व्हिडिओ मात्र जगाचा पुरावा म्हणून पुढं करायचा, यात तात्यांना अन्याय दिसला असणार आणि तो आहेच. आपल्याकडं शिकलेल्या पोरांत ही सवय फार आहे, बातमी इंग्रजीत आली की ती ग्लोबल वाटते.

तात्यांच्या ग्रीनलँडलाही हाच नियम लावायचा. हजारेक वर्षांपूर्वी नॉर्स लोक तिथं दक्षिण किनाऱ्याला जाऊन राहिले, गुरं पाळली, ही इतिहासातली खरी गोष्ट आहे, आणि उत्तर अटलांटिकच्या आसपास त्या काळात हवा तुलनेनं उबदार होती हेही खरं. पण तेव्हा सगळं जग एकदम उबदार होतं का? २०१९ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात झाडांची वर्तुळं, प्रवाळ, बर्फाचे गाभे, तळ्यांतला गाळ असं जगभरातनं गोळा करून मागची २००० वर्षं तपासली. निघालं असं की पूर्वीचे उबदार आणि गार काळ वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या शतकांत येऊन गेले, सगळीकडं एकदम नाही. आणि त्या २००० वर्षांतला सगळ्यात उष्ण काळ पृथ्वीच्या ९८ टक्के भागावर विसाव्या शतकाच्या अखेरीला आला. तेव्हा ग्रीनलँड काय आणि तुमच्या तालुक्यातलं सावळज काय, जगाच्या हिशेबात दोन्ही एकेक गावच.

जगाची सरासरी काढतात कशी हेही तात्यांना सांग, नाहीतर ती कुणीतरी एसीत बसून काढलेला आकडा वाटते. हजारो जमिनीवरची केंद्रं, वर समुद्रावरची जहाजं आणि पाण्यावर तरंगत मोजणारी उपकरणं. प्रत्येक ठिकाणचं स्वतःचं नेहमीचं तापमान आधी काढतात आणि त्यापेक्षा यंदा किती वर-खाली तेवढंच धरतात, म्हणजे महाबळेश्वर मुळात थंड आणि जत मुळात गरम याचा घोळ होत नाही. मग प्रत्येक भागाला त्याच्या क्षेत्रफळाप्रमाणं वजन देतात. अमेरिकेतल्या दोन संस्था, ब्रिटनची, जपानची असे वेगवेगळे गट हे स्वतंत्र करतात आणि उत्तर जवळजवळ सारखं येतं. तरी शंका घेणारे होतेच, की केंद्रं शहरांत आली, सिमेंट वाढलं, म्हणून आकडे फुगले. रिचर्ड म्युलर नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाला अशीच शंका होती, त्यानं बर्कलेत स्वतंत्र टीम बसवून सगळा डेटा पहिल्यापासून मोजला आणि २०१२ मध्ये उघड सांगितलं की वाढ खरी आहे आणि ती माणसामुळं आहे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण शंका घेणाऱ्यानं नुसती शंका घेऊन सोडली नाही, मोजून बघितलं. आणि पृथ्वीचा ७१ टक्के भाग समुद्र आहे, तिथं कुठलं सिमेंट, तोही तापतोय.

आकडे हवेत तर एवढेच लक्षात ठेव. १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा २०११ ते २०२० हे दशक साधारण १.१ अंशांनी गरम होतं, त्यात जमीन १.६ च्या आसपास आणि समुद्र ०.९, आणि २०२४ हे एकटं वर्ष १.५५ अंशांवर गेलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या आधी दहा लाख भागांत २८० होता. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंगनं रोजची मोजणी सुरू केली तेव्हा ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या वर. बघ, ही मोजणी तर अगदी एका डोंगरावरची आहे, लोकलातली लोकल, पण ती जगासाठी चालते कारण हा वायू वर्षभरात सगळीकडं मिसळून जातो. पाऊस तसा मिसळत नाही, शिवार बदललं की पाऊस बदलतो. म्हणून एका जागेचा पुरावा जगाला कधी चालतो आणि कधी नाही, हे त्या गोष्टीच्या स्वभावावर आहे, लोकल म्हणून बाद असं सरसकट नसतं.

आता तात्या ज्यावर ठाम आहेत ते, की जगाच्या सरासरीनं मणी भरत नाही. शंभर टक्के बरोबर. सातारा जिल्हाच घे, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि त्याच जिल्ह्यात दहिवडीकडं, माणदेशात, पाचशेच्याही आत-बाहेर. २०२१ च्या जुलैत तर महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, म्हणजे माणदेशाचा अख्ख्या वर्षाचा पाऊस चोवीस तासांत. आता या जिल्ह्याची सरासरी काढून कुणाला सांगणार आणि कोण त्यावर पेरणी करणार?

बरं, मोठ्या भागातसुद्धा जगाची चाल जशीच्या तशी उतरत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकारानं २०२० मध्ये भारतापुरता अहवाल निघाला. त्यात भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये साधारण ०.७ अंशानं वाढल्याचं दिलंय, म्हणजे जगापेक्षा कमी. कारणं आहेत, आपल्या हवेतला धूर आणि धुरळा थोडं ऊन परतवतो, ओलिताखालच्या शिवारातनं पाणी उडून जाताना दिवसाची हवा जरा गार होते, आणि विषुववृत्ताकडचा भाग मुळातच ध्रुवाकडच्यापेक्षा कमी तापतो, तिकडं आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या चौपट वेगानं तापलंय. तेव्हा तात्या म्हणतात की मला एवढा फरक जाणवत नाही, तर ते खोटं बोलत नाहीत. आणखी ऐक, त्याच अहवालात आहे की १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट ठळक कुठं तर गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात. तापलेली हवा जास्त वाफ धरते, एका अंशाला साधारण ७ टक्के, म्हणून पाऊस सगळीकडं वाढलाच पाहिजे असं धरून चाललास तर घाटातच तुझं गणित चुकतं. एकूण पाऊस घटतो आणि पडतो तेव्हा कोसळतो, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

महापूर. इथं मला दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. ज्यांच्या घरात ते पाणी होतं त्यांच्यापुढं जाऊन याचं कारण एकच, कार्बन, असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही आणि सगळं अलमट्टीवर ढकलून मोकळं होणं तर त्याहून नाही. कोयना, वारणेच्या खोऱ्यात किती दिवसांत किती पडला, धरणं तेव्हा किती भरलेली होती, पाणी कधी आणि किती सोडलं, पूररेषेच्या आत कुणी भराव टाकून बांधकामं केली, पुलांचे भराव पाण्याला कुठं अडवतात, हे सगळं त्यात आहे. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनंही २०२० मध्ये अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही, भर दिला तो अतिवृष्टी आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर. हवामान बदलाचा वाटा काढायचा तर त्याची वेगळी रीत आहे. तापलेलं जग आणि न तापलेलं जग अशी दोन्ही कॉम्प्युटरवर मांडून तसला पाऊस कुठं किती वेळा पडतो ते बघतात. २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली तेव्हाच्या पावसाचा असा अभ्यास झाला, तो साधारण १० टक्क्यांनी जोरदार झाला होता असं निघालं. पण २०१५ च्या चेन्नईच्या पुरामागच्या पावसाचा अभ्यास झाला तेव्हा तापमानवाढीचा हात दिसला नाही, आणि शास्त्रज्ञांनी तसंच छापलं. हे चेन्नईचं तात्यांना आवर्जून सांग. जो माणूस सगळ्याच पुरांत, सगळ्याच रोगांत, सगळ्याच नुकसानीत हवामान बदल बघतो त्याचं तात्यांसारखा अनुभवी माणूस ऐकणार नाही, आणि का ऐकावं?

७२ चं थोडक्यात. दुष्काळ म्हणजे तापमान नव्हे, त्यामुळं तो परत आला नाही यावरनं तापमानवाढ नाही असं निघत नाही. आणि गंमत अशी की १९७२ ला प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे पेरू देशाकडचं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, होता, १८७७ च्या मोठ्या दुष्काळातही होता, आणि २०२३ लाही होता, त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. म्हणजे तात्यांनी लहानपणी जो दुष्काळ सोसला त्याचं एक टोक पार पेरूच्या समुद्रात होतं. गावात जे दिसतं त्याचं कारण गावातच सापडतं असं नाही, एवढं यावरनं त्यांना दाखवता येईल, वाद न घालता.

आता दुसरा वाद, बागेचा. इथं तुझा ग्राफ खाली ठेव आणि वही वर घे. आधी वही किती पक्की आहे ते बघायचं. २००९ च्या नोव्हेंबरात ११ तारखेच्या सुमाराला फयान वादळ कोकण किनाऱ्याला आलं, २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीपासून क्यार आणि महा ही वादळं अरबी समुद्रात पाठोपाठ होती. त्या तारखांची पानं काढा, नोंदी काय सांगतात बघा. वर्तमानपत्रं आणि खात्याच्या नोंदी यांच्याशी जुळल्या तर वहीवर विसंबता येतं. मधे मापक बदललाय का, शेजारी झाड वाढलंय का, कुठल्या वर्षी तात्या आजारी होते आणि नोंद दुसऱ्यानं केली, हे त्यांनाच विचार, त्यांना सगळं आठवत असणार.

मग वर्षाचा एकूण पाऊस मोजत बसू नका, द्राक्षाला त्याचं काय? छाटणीची तारीख धरा आणि तिथनं पोंगा म्हणजे कोवळी फूट, फुलोरा, सेटिंग म्हणजे मणी धरेपर्यंतचे दिवस धरा, आणि त्या खिडकीत पावसाचे दिवस किती ते वर्षावार काढा. डाऊनीला पान ओलं लागतं, किती मिलिमीटर पडला यापेक्षा पान किती वेळ ओलं राहिलं हे त्याला महत्त्वाचं, त्यामुळं चार मिलिमीटरची रिपरिपसुद्धा मोजा. पहिली दहा वर्षं आणि शेवटची दहा वर्षं शेजारी ठेवा. फरक निघेल किंवा निघणार नाही, जे निघेल ते दोघांनीही मान्य करायचं असं आधीच ठरवून घ्या. तीसेक वर्षं हा काळ काही वाईट नाही, जगभरात हवामानाची नेहमीची सरासरी काढायला तीस वर्षंच धरतात. महसूल मंडळातल्या महावेधच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राचे आकडे मिळाले तर तेही जोडा, पण केंद्र तुमच्या शिवारापासून किती लांब आहे ते बघून, तुमच्याकडं गार पडून गेली आणि तिथं थेंब नाही असं होतंच की, फळपीक विम्याच्या वेळी हेच भांडण असतं.

आणि एक गोष्ट बागायतदारांच्या फारशी लक्षात आलेली दिसत नाही. हवामान खात्यानं २०२० मध्ये मोसमी पावसाच्या माघारीच्या तारखा स्वतःच बदलल्या. आधीच्या तारखा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरच्या होत्या. राजस्थानातनं माघार सुरू व्हायची तारीख १ सप्टेंबरवरनं १७ सप्टेंबरवर गेली, मुंबईची २९ सप्टेंबरवरनं ८ ऑक्टोबरवर. आता विचार कर, आगाप म्हणजे लवकर छाटणी घेणाऱ्याचं पहिलं पान या दिवसांतच फुटतं. जगाची सरासरी आणि तुमची वही यांच्या मधली पायरी ही आहे आणि तुझ्या वादाला खरा उपयोग या पायरीचा आहे. युरोपचा उन्हाळा सांगण्याऐवजी हे सांगितलं असतंस तर तात्या निदान पुढचं ऐकायला थांबले असते.

कव्हरचं म्हणशील तर तो निर्णय घ्यायला पृथ्वी तापतीय हे तात्यांनी कबूल करायलाच पाहिजे असं कुठाय? पाऊस गाठतोय आणि औषध मारून मारून कंबरडं मोडतंय, हे दोघांनाही दिसतंय ना, मग तेवढं पुरे. आणि कव्हर म्हणजे रामबाण नव्हे हेही तू मान्य कर, पान कोरडं राहिलं की डाऊनी आटोक्यात येतो पण आत ऊब आणि सावली राहिल्यानं भुरी हा दुसरा बुरशीरोग वाढू शकतो, वाऱ्यानं प्लास्टिक फाटतं, खर्च मोठा आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारून घे, तुमच्या व्हरायटीला आणि तुमच्या मांडवाला काय जमेल ते. एकाच प्लॉटवर टाका, शेजारच्या ओळी उघड्या ठेवा, छाटणी दोन्हीकडं एकाच दिवशी, आणि फवारण्या किती झाल्या, घड किती गेले, माल किती निघाला हे लिहीत जा. कुठल्या ओळी झाकायच्या आणि कुठल्या उघड्या ठेवायच्या हे तात्यांना ठरवू दे आणि नोंदीही त्यांच्याच वहीत, त्यांच्याच हातानं होऊ देत.

पृथ्वी तापण्याचा वाद त्यांच्याशी पुढंही घाल, घालायलाच पाहिजे, फक्त ताटावर नको. आणि वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस तर छाटणीनंतरच्या पावसाच्या दिवसांचा तक्ता करायला मी मदत करीन, माझी मनापासून तयारी आहे. पाठवायच्या आधी तात्यांना विचार मात्र.